गौराला कॉलेज दाखवायला नेलं, ते चार दिवस

गेल्या वर्षी चैत्र संपता संपता मी माझ्या भाचीला, गौराला, सोलापूरचं बायकांचं ट्रेनिंग कॉलेज दाखवायला नेलं. पंधरा वर्षांची मुलगी, माझ्याच शाळेतून मराठी सातवीची फायनल पास झालेली. अक्कलकोटहून सोलापूर म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला माणूस तिथं पोचतो. तरी आपली मुलगी शिकायला शहरात ठेवावी की नाही, अशा विचारात पडलेल्या बायका मला अजून वाटेत थांबवतात. कसं गेलात, कुठं उतरलात, पोर हरखली का? एकेकीला अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढते. यातलं काही वाचायला सुखाचं नाही, हे आधीच सांगते.

गौराची थोरली बहीण पार्वती सोलापुरात शुक्रवार पेठेत दिलेली होती. घर आमच्याच लिंगायतांचं, कापडाचं दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी. ते स्थळ मीच आणलं होतं. मी स्वतः विधवा झाल्यावर सोलापूरला शिकून शिक्षकीण झाले, त्यामुळे शहराबद्दल माझ्या शब्दाला घरात मान होता. "शहरात दिली म्हणजे दवाखाना जवळ, शाळा जवळ," असं मी माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, सांगितलं होतं. माघात पार्वती बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मागे तीन वर्षांची निल्ली राहिली.

महिना उलटायच्या आत सोलापूरहून निरोप आला, पार्वतीच्या जागी गौराला द्या. आमच्यात ही रीत आहे आणि तिच्यात कुणाला वावगं वाटत नाही. वहिनींना तर ते देवानं सुचवल्यासारखं वाटलं. त्या मला म्हणाल्या, "निल्लीला परकी सावत्र आई येऊ दे म्हनता व्हय तुमी? पाठची मावशी घरात असताना?" पण गौरा ही माझ्या शाळेत मला मिळालेली सर्वांत हुशार मुलगी. फायनलचा निकाल लागला त्या दिवशीच मी कॉलेजचा अर्ज मागवून ठेवला होता.

आणि गौरा? ती माघापासून बोलतच नव्हती. विचारलं तर मान हलवायची, तीही हो की नाही कळू नये अशी. पुस्तक उघडत नव्हती, मैत्रिणीकडे जात नव्हती.

अण्णा शेंगांचे व्यापारी, माणूस सरळ. मला म्हणाले, "तू म्हनतीस कालेज, ही म्हनती लगीन. पोरगी काईच म्हनंना. मी काय समजू?"

"मला चार दिवस द्या. तिला सोलापूरला नेऊन आणते. कॉलेज डोळ्यांनी बघितलं की तिला हुरूप येईल."

"ने की. पन येऊन माज्यासमोर तिनं सोत्ता म्हनलं पायजे, जायचंय म्हनून. तिच्या वतीनं तू बोलून भागायचं न्हाय. अक्षय्य तृतीयेच्या आत मला जबाब धाडायचा हाय त्येंना."

अक्षय्य तृतीयेला नऊ दिवस उरले होते.

पहिला दिवस.

अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. सकाळी मोटार सुटते, पण भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून बायकांनी तास-दीड तास हातात ठेवूनच निघावं. पुढची बाकं पुरुष धरतात. आम्हाला मागं, तुपाच्या डब्यांशेजारी जागा मिळाली. रस्ता सगळा खडी आणि धूळ. दोन्ही अंगांना शेतं मोकळी पडलेली, ज्वारी निघून गेलेली. गौरानं पदर नाकावर धरला आणि तेच निमित्त करून तोंड झाकून घेतलं.

गाडीला बायकांच्या डब्यात बसा. तिकीट तेवढंच, आणि डब्यात पाय पसरायला मिळतात. खाण्यासाठी बाहेरचं काही घेऊ नये. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आठ दिवस टिकते, आणि फिरकीच्या तांब्यात पाणी न्यावं, कारण स्टेशनवरचा पाणीवाला उन्हाळ्यात आपल्या डब्यापर्यंत येतोच असं नाही.

गाडी सुटल्यावर मी सुरू झाले. कॉलेजात विजेचे दिवे आहेत, बटण दाबलं की खोली लख्ख. वाचनाची खोली आहे, तिथं पुण्या-मुंबईची मासिकं येतात. बोर्डिंगमध्ये पहाटे लिंगपूजेला बसायला वेगळी जागा आहे, कुणी हसत नाही. मुली शनिवारी तळ्याकाठी सिद्धेश्वराला जातात. मी बोलत होते आणि गौरा खिडकीबाहेर बघत होती.

समोर एक म्हातारी बसली होती, मैंदर्गीची. तिनं कानडीत विचारलं, "मदुवी आगेद एनु?" म्हणजे लग्न झालंय का. मी म्हटलं, नाही, शिकायला चाललीय. म्हातारीनं गौराच्या हातांकडे, गळ्यातल्या लिंगाच्या करंड्याकडे बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर दया होती, असं मला वाटलं.

होटगीला गाडी बराच वेळ थांबली. तिथं गौरा पहिल्यांदा बोलली. बाहेर बघतच म्हणाली, "आत्ती, अक्काला पन तुमी असंच सांगितलं हुतं."

"काय?"

"सोलापुरात ईज हाय म्हनून. बटन दाबलं की उजेड. ती मला आठ दिस तेच सांगत हुती लग्नाआदी."

ज्यांना आपल्या मुलीला हुरूप द्यायचा आहे त्यांना एवढंच सांगते, माझ्यासारखी यादी वाचू नका. ती आधी कुणी ऐकलेली असेल, हे आपल्याला ठाऊक नसतं.

सोलापूर आलं की आधी गिरण्यांची धुराडी दिसतात. स्टेशनाबाहेर टांगेवाले अंगावर येतात. आमच्या टांगेवाल्यानं दख्खनीत विचारलं, "किधर कू जाना, माँजी? शुक्रवार पेठ?" बहुतेक अक्कलकोटकडची माणसं तिकडेच जातात म्हणून त्यानं सहज विचारलं असेल, पण गौरा पायरीवर ठेवलेला पाय काढून मागे सरकली. मी साळ्यांच्या वस्तीचं नाव सांगितलं. तिथं माझी कॉलेजातली मैत्रीण अंबू राहते. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत आहे. खरं म्हणजे व्याह्यांचं घर गावात असताना दुसरीकडे उतरणं हा अपमान. तो मी समजून उमजून केला. गौरानं आधी कॉलेज बघावं, मग ते घर, असा माझा हिशेब होता.

वाटेत बोलपटांच्या रंगीत जाहिराती, चादरींचे ढीग, तेलुगू बोलत अंगणात सूत उकलणाऱ्या बायका. घराघरांतून मागाचा खटखटाट. मी एकेक बोट करून दाखवायची आणि गौरा तिथं बघायची, मी सांगितलं म्हणून.

दुसरा दिवस.

कॉलेज सकाळचंच बघायला जावं, दुपारी वर्गात कुणी नसतं. फाटकापाशी नाव लिहून आत सोडतात. लेडी सुपरिंटेंडेंट म्हणजे पन्नाशीच्या, पांढरं नेसलेल्या, चष्म्याच्या बाई. मला ओळखलं. त्यांनी गौराला समोर खुर्चीवर बसवून विचारलं, "सातवीत कुठला विषय आवडायचा?"

गौरा खाली बघत राहिली. मी म्हटलं, "गणित. आणि हिचं अक्षर..."

"तुम्ही नका बोलू," बाई मला म्हणाल्या. पण गौराही बोलली नाही. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि उठून स्वतःच आम्हाला फिरवायला निघाल्या.

वाचनाची खोली झाली. भूगोलाचे नकाशे झाले. शेजारच्या शाळेत एक विद्यार्थिनी पहिलीच्या मुलींना पाठ देत होती, ती भीतीनं घामाघूम झाली होती आणि मुली खडूची पूड एकमेकींना लावत होत्या. एरवी गौराला हसू आलं असतं. बोर्डिंगचं स्वयंपाकघर झालं. मला एकेका दारातून बाहेर पडताना वाटायचं, संपलं, आता काही उरलं नाही दाखवायला.

शेवटची खोली आरोग्यशास्त्राची. भिंतीवर कापडावर चिकटवलेले मोठे तक्ते होते. फुप्फुसं, डोळा, दात. आणि कोपऱ्यात एक तक्ता, बाईच्या पोटातलं मूल. तो लग्न झालेल्या विद्यार्थिनींचा वर्ग असतो तेव्हाच उघडा ठेवतात, बाकी वेळ त्यावर पडदा असतो. त्या दिवशी पडदा अर्धा सरकलेला राहिला होता. बाई तो ओढायला पुढं झाल्या तोवर गौरा तिथं जाऊन उभी राहिली होती.

"ह्येचं डोकं खाली हाय," ती म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द.

"हो. असंच असायला हवं," बाई म्हणाल्या.

"आडवं असलं तर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पार्वतीबद्दल शुक्रवार पेठेतून आम्हाला एवढाच निरोप आला होता, मूल आडवं आलं. मी नुसती मान हलवली. बाईंना काय कळलं ठाऊक नाही, पण त्यांनी पडदा सोडला आणि गौराशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलल्या.

"वेळेवर कळलं तर डॉक्टरीण वरून हात लावून कधी कधी ते फिरवते. नाहीच फिरलं तर दवाखान्यात पोट उघडून काढतात. प्रत्येक वेळी दोघं वाचतात असं नाही. पण वाचतात."

"बायकांचा दवाखाना हाय हितं?"

"आहे."

"शुक्रवार पेठेतनं किती लांब?"

बाई म्हणाल्या, "टांग्यानं पंधरा मिनिटं."

"पंदरा मिंटं," गौरा म्हणाली.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पंखा नव्हता, खिडकीतून ऊन थेट बाकांवर येत होतं. गौरानं बोट त्या तक्त्यावर टेकवलं, मुलाच्या पाठीच्या कण्यावरून हळूहळू खाली नेलं, आणि विचारायला लागली. हे कळतं कसं बाहेरून? किती महिन्यांनी कळतं? सुईणीला कळत नाही का? कळा किती वेळ आल्या म्हणजे जास्त? बाई उत्तरं देत होत्या. जे येत नव्हतं तिथं "हे मला ठाऊक नाही" असंही म्हणत होत्या. शेवटी गौरानं विचारलं, "ह्ये शिकवत्यात हितं?"

"आरोग्य आणि घरची शुश्रूषा शिकवतो. दर गुरुवारी डॉक्टरीणबाई येतात. पण हे नीट ऐक, इथून डॉक्टर होता येत नाही. इथून तू मास्तरीण होशील."

"मास्तरीन हून सांगता तर येतंय की बायकांना."

"ते येतं," बाई म्हणाल्या.

मला गौराच्या चेहऱ्यावर आनंद बघायचा होता. त्यासाठीच तर मी तिला आणलं होतं. आनंद तिथं नव्हता. ती रागानं बोलत होती, दात आवळून, आणि तरी माघापासून पहिल्यांदा ती जिवंत वाटत होती. बाईंनी तिला मागच्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीची वही दिली. ती तिनं तिथंच बाकावर बसून वाचायला घेतली, आणि घंटा होऊन मुली जेवायला गेल्या तरी उठेना.

फाटकाशी ती मला म्हणाली, "उद्या अक्काच्या घरला जाऊ."

"जायलाच हवं असं नाही," मी म्हटलं. आदल्या दिवशीचा माझा सगळा हिशेब मलाच नकोसा झाला होता.

"मला निल्लीला बघायचंय. आन् इचारायचंय."

तिसरा दिवस.

शुक्रवार पेठेतली गल्ली अरुंद, वर सावली, खाली गटार. दारात पार्वतीची सासू बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. "दोन दिस झालं म्हनं येऊन," म्हणाली. "आमचं घर गावलं न्हाय व्हय?" कुणी तरी आम्हाला टांग्यात बघितलं असणार.

आत गेलो. दूध आलं. जावई, गुरुलिंगप्पा, दुकान सोडून आले आणि भिंतीला टेकून बसले. तिशीचा माणूस, पण मी लग्नात बघितलेल्यातला निम्मा राहिला होता. निल्ली खांबाआड उभी होती. डोक्यावरचे केस उवांमुळं कापलेले. ती गौराजवळ येईना. गौरानं तिला कानडीत नुसतं "बा" म्हटलं, ये म्हणून, आणि पोरीनं मान वर केली. दोघी बहिणींचा आवाज एक होता, हे आम्ही घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. निल्ली धावत आली, गौराच्या मांडीत शिरली आणि आईला हाक मारावी तशी म्हणाली, "अव्वा."

सासूनं डोळ्याला पदर लावला. "बघा की. पोरीलाच कळतंय. आमी काय येगळं मागतोय?"

गौरा पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग तिनं मान वर न करता विचारलं, "अक्काला दवाखान्यात का न्हेलं न्हाई?"

मी दुधाची वाटी खाली ठेवली.

"सुईन हुती की," सासू म्हणाली. "माझी चार बाळंतपनं तिनंच केली. घरची लेकीसून परक्या मानसांफुडं..."

"किती येळ कळा देत हुती?"

मग भिंतीकडून गुरुलिंगप्पांचा आवाज आला, "दोन दिस. तिसऱ्या दिशी सकाळी मी टांगा आनला. दारात टांगा हुबा हुता, तवर..."

"दवाखाना पंदरा मिंटांवर हाय," गौरा म्हणाली.

"ठावं हाय मला," गुरुलिंगप्पा म्हणाले. "रोज त्याच वाटंनं दुकानाला जातो."

मी त्या माणसावर चिडायचं ठरवून गेले होते. ते मला जमलं नाही. आईच्या शब्दाबाहेर न गेलेला एक माणूस, त्याची बायको दोन दिवस आतल्या खोलीत ओरडत होती आणि तो बाहेर बसून होता. त्याला कुणीही दिलं नसतं असं शासन तो भोगत होता. आणि या घरात पार्वतीला आणून बसवणारी मी होते. दवाखाना जवळ म्हणून.

गौरा मग सासूकडे वळली. "निल्लीला आमाला द्या. मी सांभाळती, माजी अव्वा सांभाळती. लगीन तुमी दुसरीकडं करा."

सासूचा चेहरा बदलला. "आमच्या घरचं पोर हाय त्ये. आजोळला टाकून द्यायला आमी काय मेलो न्हाय." आणि मग मला उद्देशून, "ही येत असंल तर सून म्हनून येऊ दे. न्हायतर पुन्हा हितं पाय ठेवू नका. पोरीला सारखं सारखं दाखवून आशा लावायची आन् जायचं, त्ये चालनार न्हाय."

हेही मला खोटं म्हणता येईना.

निघायची वेळ झाली तेव्हा निल्लीनं गौराच्या लुगड्याचा काठ दोन्ही मुठींत धरला. रडली नाही, नुसती धरून राहिली. सासूनं एकेक बोट सोडवलं. गौरा उभी होती, काही करत नव्हती. गुरुलिंगप्पा आत निघून गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत आल्यावर आतून पोरीचा आवाज सुरू झाला, आणि मंगळवार पेठेच्या रस्त्याला लागेपर्यंत मला तो ऐकू येत होता. इतक्या लांबून खरंच येत होता की नाही, कोण जाणे.

अंबूच्या घरी गौरानं पाणीसुद्धा घेतलं नाही. कॉलेजातून आणलेली वही उशाला ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपली.

चौथा दिवस.

परतीची गाडी सकाळची धरावी. चैत्रातल्या दुपारी डबा भट्टीसारखा होतो. आम्ही धरली. बायकांच्या डब्यात त्या दिवशी आम्ही दोघी आणि एक बाळंतीण होती, माहेरी चाललेली, आईबरोबर. बाळ सारखं किरकिरत होतं. गौरानं उठून खिडकीचं फळकूट खाली ओढलं, बाळाच्या तोंडावरचं ऊन बंद झालं, आणि पुन्हा जागेवर येऊन बसली.

मला राहवेना. मी म्हटलं, "गौरा, मी तुला कॉलेजसाठी आणलं, ते विसरून जा. त्या पोरीसाठी तुला तिथं जावंसं वाटत असेल तर तसं सांग. मी अण्णांना स्वतः सांगेन. तुला कुणी बोल लावणार नाही."

तिनं मांडीवरची वही मिटली. मग म्हणाली, "मी तितं गेली तर मला पन त्याच खोलीत निजवत्याल, आत्ती. आन् तीच सुईन येनार."

"गुरुलिंगप्पा आता तसं करणार नाहीत."

"त्यांच्या आईफुडं?"

मी तांब्याची फिरकी सोडून पाणी तिच्यापुढं धरलं.

"मला लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "निल्लीसाटी जावं असं वाटतंय आन् भ्या वाटतंय. दोनी खरं हाय. तुमी मला ईज आन् मासिकं दाखवली तवा काईच वाटलं न्हाई. पन त्या खोलीत वाटलं की ह्ये ठावं असतं तर माघात मी अक्काजवळ हुती तवा वरडून टांगा आनवला असता."

तेव्हा मला आठवलं. पार्वतीच्या दिवसांत वहिनींनी गौराला महिनाभर तिच्या सोबतीला धाडलं होतं. ती त्या घरात होती. दोन दिवस, त्या खोलीबाहेर. काल तिनं सासूला जे विचारलं ते तिला ठाऊकच होतं, तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. माघापासून ती का बोलत नाही, हा प्रश्न मी सगळ्यांना केला होता. तू तिथं होतीस, तू काय बघितलंस, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिलाच हुरूप द्यायला निघाले होते.

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही. तिलाटी स्टेशन गेलं, बाळ झोपलं, आणि ती मला हळूहळू सगळं सांगत राहिली. ते इथं लिहीत नाही.

घरी पोचलो तेव्हा अण्णा शेंगांची पोती मोजून नुकतेच हात धूत होते. वहिनी उंबऱ्यात. पाय धुवायच्या आधीच गौरा अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"अप्पा, मला कालेजात जायाचंय."

"हिनं शिकवलं व्हय तुला बोलायला?" अण्णांनी माझ्याकडे मान केली.

"न्हाई. आत्ती तर नगं म्हनली गाडीत. मलाच जायाचंय."

अण्णांनी ओले हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. "बरं," म्हणाले. "मी धाडतो जबाब."

वहिनी ओरडल्या नाहीत. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मग निल्ली गेली म्हना की आपल्याला," आणि चुलीकडे गेल्या. पुढं सहा महिने त्या गौराशी कामापुरतंही बोलल्या नाहीत, आणि माझ्याशी अजून बोलत नाहीत.

जूनमध्ये मी गौराला बोर्डिंगात पोचवून आले. ज्येष्ठातच गुरुलिंगप्पांचं लग्न दुधनीच्या एका मुलीशी झाल्याचं कळलं. सासूनं शब्द पाळला. अण्णा एकदा खाऊ घेऊन गेले होते, त्यांना दारातूनच परत पाठवलं. नातीचं तोंड त्यांना दिसलं नाही.

गौरा पहिल्या सहामाहीत दोनदा आजारी पडली. बोर्डिंगचं पाणी तिला सोसलं नाही, आणि रात्री झोप लागत नाही असं तिनं पत्रात लिहिलं होतं. परत घेऊन येऊ का, असं मी उलट विचारलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं, गुरुवारचा तास बुडेल. परीक्षेत ती वर्गात तिसरी आली. ती आता हसते, पण तिथं मुलींमध्ये. घरी आली की अजून जपून बोलते.

मुलीला कॉलेजची गोडी कशी लावावी, हे मला विचारणाऱ्या बायकांना मी काय सांगू? मोटार, गाडी, टांगा, उतरायची जागा, एवढं मी सांगू शकते. गोडी मी लावली नाही. आमच्या मुलीला तिथं जे ओढून घेऊन गेलं ते गोड नव्हतं, आणि त्याची किंमत आमच्या घरातल्या चार माणसांनी आणि एका तीन वर्षांच्या पोरीनं दिली. पुन्हा तशी वेळ आली तर मी तिला नेईन का? नेईन. पण निघायच्या आधी तिच्याजवळ बसून आधी ऐकेन.

या वैशाखात गौरा सुट्टीला आली आहे. परवा आम्ही दोघी परसात शेंगा फोडत होतो, वहिनी आत होत्या. गौरा हलक्या आवाजात म्हणाली, की संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तिला निल्ली दिसली होती. नव्या आईचं बोट धरून पाळण्यापाशी उभी होती. केस वाढले होते, रिबीन बांधली होती.

मी म्हटलं, "मग? हाक नाही मारलीस?"

"न्हाई."

"का गं?"

गौरानं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"हसत हुती ती, आत्ती."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. थोड्या वेळानं वहिनी दारात आल्या, खाली बसल्या आणि आमच्या पुढ्यातल्या शेंगा घेऊन फोडायला लागल्या. मग त्यांनी गौराला विचारलं, "रिबीन कुटल्या रंगाची हुती?"